एकट्याने काढायची गाडी

समर्थने दार ढकललं. वीतभर उघडलं आणि हिंदुरावांच्या भिंतीला लागलं. दुसऱ्या बाजूला नाल्याचा कठडा. ट्रक रिव्हर्समध्ये अर्ध्या गल्लीत आला होता आणि आता खाली उतरायलाच जागा नव्हती. आरसे दुमडलेले. दुमडल्याशिवाय गाडी त्या गल्लीत मावतच नाही. म्हणजे मागे काय आहे ते दिसत नाही. काहीच नाही.

क्लचवरचा पाय कापत होता. साडेआठ वाजलेले. नऊला गाडी एमआयडीसीत गेटवर लागायला हवी होती. बाबांची एकोणीस वर्षांची लाइन, बांधलेलं भाडं. कंपनीचा शेठ काल फोनवर सरळ बोलला होता, "उद्या गाडी नाही आली तर मी दुसरी लावतो. वाईट वाटून घेऊ नको."

समोर, गल्लीच्या आतल्या टोकाला, हिंदुराव ओट्यावर उभे. तोंडात ब्रश.

"समर्थ, भिंत नवीन बांधलीय हां. तुझा बाप एकटा काढायचा ही गाडी. क्लीनर नाय, कोण नाय. पहाटे काळोखात. एक ओरखडा नाय कधी."

हे अख्ख्या अंबरनाथ पूर्वेला माहीत होतं. हरिचंद्र ड्रायव्हर घाबरत नाही. सुरतची खेप करून यायचा आणि न झोपता, आंघोळ करून, पोराच्या शाळेच्या मीटिंगला बसायचा. त्याला जाऊन महिनाही झाला नव्हता. शीळफाट्याला छातीत कळ आली, तेव्हाही त्याने गाडी साइडला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग गेला. याच सीटवर. मित्रांनी गाडी आणून आत लावली, त्यानंतर ती आज पहिल्यांदा हलत होती.

लहानपणी समर्थला पहाटे झोपेत एक आवाज यायचा. थाप थाप. ट्रकच्या फळीवर. एकदा त्याने विचारलं होतं, बाबा, काय वाजतं ओ? "टायर ठोकून बघतो रे. झोप तू." मोठा झाला तरी त्याच्या डोक्यात तेच बसलेलं.

आणि आता मागून आवाज आला.

थाप थाप.

सीटमधून थेट पाठीत जाणवला. हिंदुराव तर समोर दिसत होते. आईने बाबा गेल्यापासून उंबरा ओलांडला नव्हता. मित्र मिलिंद मदतीला येतो म्हणाला होता, त्याला यानेच नको सांगितलेलं. बाबा एकटे काढायचे ना, मग मीपण एकटाच. मागे कोणी असणं शक्यच नव्हतं.

"कोण आहे?" तो ओरडला. इंजिनच्या आवाजात ते त्यालाच ऐकू आलं नाही.

थाप थाप.

दोन थापा म्हणजे येऊ दे, एक म्हणजे थांब. ड्रायव्हर लोकांचं एवढं त्याला माहीत होतं.

"बाबा?" तो हळूच म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्याने त्याच्या अंगावर काटा आला. पळावंसं वाटत होतं, पण दार उघडत नव्हतं. वाट एकच होती, मागे. जिथून थापा येत होत्या तिकडेच. त्याने क्लच सोडला.

गाडी सरकली. थाप थाप. अजून सरकली. विजेचा डबा काचेला घासेल इतक्या जवळून गेला. घाम डोळ्यांत उतरला, पुसायला हात मोकळा नाही. थाप थाप.

थाप.

एकच. त्याने ब्रेक इतक्या जोरात दाबला की गाडी बंद पडली. आणि त्या शांततेत मागून पोरींचे आवाज आले. शाळेत चाललेल्या, खिदळत, गाडीच्या अगदी मागून आडव्या गेल्या. त्याला त्या दिसल्या नव्हत्या. थाप मारणाऱ्याला दिसल्या होत्या.

त्याने परत चावी फिरवली.

थाप थाप.

रस्त्यावर आल्यावर दार एकदाचं उघडलं. तो उतरला, पण मागे जायची हिंमत होईना. फळी धरत धरत गेला. मागच्या कोपऱ्यावर रंग उडालेला एक तुकडा होता. बाबा दर दसऱ्याला रंगवायचे आणि तो परत उडायचा. दोरी घासते, म्हणायचे.

त्या तुकड्यावर एक हात होता.

आई. अनवाणी, पदर कमरेला खोचलेला. घराच्या मागच्या दाराने, नाल्यावरून आलेली.

"तू?"

"मग? तुला काय वाटलं, बापूस तुझा एकटा काढायचा गारी?"

समर्थ तिथेच कठड्यावर बसला. "मी लय घाबरलो गं. बाबांसारखं नाही जमणार मला."

आईने धुळीचा तळवा पदराला पुसला.

"एकोणीस वर्षं रोज पहाटे मला उठवायचा," ती म्हणाली. "म्हणायचा, कमळे, मागे उभी राहा, माझे पाय कापतात."