नऊ खांदे

“इथून दवाखाना किती लांब?” वाटाड्या सायसिंगला मी विचारलं.

“नऊ खांदे.”

सातपुड्याच्या या कोपऱ्यात रस्ता नाही. आजाऱ्याला बांबूच्या झोळीतून नेतात. दोघं दमले की झोळी टेकवून बांबू दुसऱ्या दोघांच्या खांद्यावर देतात. तेवढं अंतर म्हणजे एक खांदा. माप ऐकून मी हसलो. रस्त्यासाठी नकाशा करायला आलो होतो, पण पंधरा दिवसांत आखलेली प्रत्येक रेघ कुठल्या ना कुठल्या कड्याला धडकली होती.

शेवटी झोळी टेकवायच्या त्याच्या नऊ जागा चालून पाहिल्या, नकाशावर मांडल्या आणि जोडल्या. डोंगराला वळसा घालत हलक्या चढाची सलग वाट निघाली. निघणारच! उभ्या चढावर झोळीतलं माणूस घसरतं, म्हणून यांच्या आज्या-पणज्यांनीच तो टाळला होता.

“सहाव्या जागेचं नाव काय लिहू?”

सायसिंग लाजला. “जेमली लिहा, साहेब. माझी पोरगी. दवाखाना गाठायच्या आत तिथंच जन्मली.”

मी नाव लिहिलं. त्याने रेघेवरून बोट हळूच दवाखान्यापर्यंत नेलं.

“होळीनंतर तिचं लग्न आहे. तिचं पोर मात्र इथं होऊ द्या.”