लाल पुठ्ठा

“मग, या आठवड्यात कुणाला नाही म्हणालीस?” समुपदेशक बाईंनी विचारलं.

मुलीने मावशीकडे पाहिलं. मावशीने कौतुकाने सांगून टाकलं, “कुणालाच नाही. म्हणतच नाही ती. सांगाल ते काम करते. गरीब गाय आहे आमची.”

बाईंनी वहीत तारीख घातली. पुढे काय लिहावं ते सुचेना. ही आठवी भेट. चौदा वर्षांची पोर, बापाच्या मारातून सुटून वर्षभरापूर्वी मावशीकडे आलेली. मोडलेलं मनगट जुळलं होतं, तेवढंच काय ते जुळलं होतं. पहिल्याच दिवशी बाईंनी जुन्या फायलीचा लाल पुठ्ठा कापून तिच्या हातात दिला होता. नकोसं वाटलं की हा वर करायचा, समोरच्याने तिथल्या तिथे गप्प व्हायचं. मीसुद्धा. हे जमेपर्यंत मारहाणीबद्दल एक अक्षर विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. जिला थांबवता येत नाही तिला बोलायला लावायचं, तर त्याच्यात आणि जबरदस्तीत फरक तो काय?

सरावासाठी त्यांनी मुद्दाम नको नको ते सांगून पाहिलं. एकच ओळ तीस वेळा लिही. मुलीने लिहिली, वर अक्षरही छान काढलं. तुझी पाण्याची बाटली मला देऊन टाक. तिने दिली, झाकण घट्ट लावून. पुठ्ठ्याच्या कडा चोळून चोळून मऊ पडल्या होत्या, पण मांडीवरून तो काही हलला नव्हता.

“रोज एकदा तरी कुणाला तरी नाही म्हणायचं,” बाई म्हणाल्या. “म्हणशील?”

“हो.”

बाईंनी कपाळ चोळलं.

मावशीचाही धीर सुटत चालला होता. दर भेटीला तिला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागे, आणि वरिष्ठांचं वाकडं तोंड बघावं लागे ते वेगळंच. ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, “मॅडम, हे खेळ अजून किती दिवस? काय झालं ते विचारून टाका ना एकदाचं. सांगेल ती. सांग गं बाळा, त्याने दार कसं लावून घेतलं होतं ते.”

मुलगी ताठ बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. वर्गात कविता म्हणायला उभं केल्यासारखी तिने सुरुवात केली, “त्या दिवशी मी शाळेतून आले...” चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरत चालला होता.

या खोलीत आवाज चढवायचा नाही, हा बाईंचा अकरा वर्षांचा नेम. तो त्या क्षणी मोडला.

“थांबा,” त्या मावशीवर कडाडल्या, हातातलं पेन टेबलावर आपटलं. “आठ आठवडे घसा कोरडा करतेय मी. तिच्या वतीने बोलू नका, तिला ढकलू नका. मऊ लागलं म्हणून सगळ्यांनीच कोपराने खणायचं का? एवढी साधी गोष्ट तुम्हाला—”

डोळ्यांसमोर काहीतरी लाल हललं.

मुलीने पुठ्ठा हनुवटीपर्यंत वर धरला होता. दोन्ही हातांनी. डोळे गच्च मिटलेले होते आणि लाल बाजू बाईंकडे होती.

बाईंचं वाक्य तिथेच तुटलं. शाबास म्हणावं असं अगदी ओठांवर आलं, पण ठरलं ते ठरलं. त्यांनी तेही गिळलं.

“अगं, मॅडम आहेत त्या,” मावशी शरमून कुजबुजली. “खाली कर ते.”

मुलीने डोळे उघडले. पुठ्ठा खाली आला नाही. तो हळूच मावशीकडे वळला.