मुंगीएवढा चेहरा

"ही आमची नाही," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी नवा फोन काउंटरवर पालथा ठेवला.

घड्याळजीने तो सुलटा केला. पडद्यावर त्याची बायको होती. खुर्चीत बसलेली, अंगात स्वेटर, कोणाच्या तरी बोलण्यावर हसत असलेली. तिला जाऊन सात महिने झाले होते.

"आई, नीट बघा."

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाला टेकेल इतका जवळ धरला आणि बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. असेल कोणीतरी बाई, पण आमची नाही, हे त्यांनी पुन्हा सांगितलं.

महिनाभर सासूबाई वार विसरत होत्या. गॅस बंद केला का, हे तीनतीनदा विचारत होत्या. डॉक्टर म्हणाले होते, वार विसरल्या तर विसरू द्या, पण घरचं माणूस ओळखेनाशा झाल्या तर लगेच घेऊन या. म्हणून तो त्यांना एकटं न ठेवता रोज दुकानात आणून बसवायचा. घरात आता दोघंच उरले होते. त्यातलं एक जण तिला विसरलं, तर तिच्याविषयी बोलायचं कोणाशी?

मोठा फोन त्याने त्यांच्यासाठीच आणला होता. जुन्यात लेक मुंगीएवढी दिसते, ही त्यांची रोजची तक्रार. बोटांनी फोटो ताणून मोठा केला, तर म्हणायच्या, "कधी डोळा दाखवता, कधी नाक. माझी मुलगी कुठंय?"

तो फोन घेऊन समोरच्या मोबाइलवाल्याकडे गेला. फोटो खराब झालाय का, एवढंच विचारलं. मोबाइलवाल्याने पाहिलं आणि फोटो तोच आहे म्हणाला. पडदा म्हणजे सगळे ठिपके असतात, हे त्याने समजावलं. जुन्या बारक्या पडद्यात जेवढे ठिपके, तेवढेच ह्यात. काच मोठी झाली म्हणून ते विरळ झाले. हातभर लांबून कळत नाही, पण नाकाशी धरलं की कळणारच. मोठा आणि दाट, दोन्ही एकदम हवं तर दुप्पट किंमत.

"पाय पसरलेत काका, पण अंथरूण तेवढंच," तो हसून म्हणाला.

घड्याळजी परत येऊन आपल्या जागेवर बसला. घड्याळं उघडताना लावायचं भिंग त्याने डोळ्यात बसवलं आणि नव्या फोनवर वाकला. बायकोचा गाल कुठे दिसेना. नुसती बारीक चौकोनांची जाळी दिसत होती. मग त्याने खणातून जुना फोन काढला आणि त्यातला तोच फोटो भिंगाखाली धरला. इथे गाल होता. गालाला पडलेली खळीसुद्धा होती.

त्याने भिंग डोळ्यातून काढलं. आता सासूबाई नाही म्हणाल्या, तर दोष द्यायला पडदा उरणार नव्हता.

शेवटी त्याने स्टूल त्यांच्या शेजारी ओढलं. भिंग पुसून त्यांच्या हातात दिलं आणि डोळ्यात कसं धरायचं ते सांगितलं. पहिल्यांदा ते मांडीवर पडलं, दुसऱ्यांदा जमिनीवर.

"भिवई खाली दाबा, आई. माझ्यावर रागावता ना, तशी."

"त्याला मला काही शिकावं लागत नाही," त्या म्हणाल्या, आणि भिंग बसलं.

त्याने जुना फोन त्यांच्या डोळ्यापासून चार बोटांवर धरला. हात हलू नये म्हणून कोपर काउंटरवर टेकवलं. सासूबाईंनी त्याचं मनगट पकडून फोन थोडा डावीकडे नेला, मग थोडा खाली. कोपराला रग लागली, पण त्याने हात हलवला नाही.

"बटण चुकवलंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"स्वेटरचं. वरचं बटण खालच्या काजात घातलंय. बघा, एक बाजू कशी वर गेलीय. शाळेतसुद्धा अशीच जायची. दहा वेळा ओरडले असेन. कधी ऐकलं असेल तर शपथ." त्यांनी भिंगाचा डोळा त्याच्याकडे वळवला. "आणि जावईबापू, तुम्ही तसाच फोटो काढलात? सांगायचं नाही का तिला?"

त्याने भिंग मागून घेतलं आणि पाहिलं. सात महिने तो हा फोटो रोज बघत होता. बटण खरंच चुकलेलं होतं. वरचं काज रिकामं होतं आणि गळ्याशी स्वेटरला चुणी पडली होती.

"चुकलंय, आई," तो म्हणाला. त्याला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आलं, म्हणून जरा अडखळत आलं.

"हसता काय? आणा ते इकडे. माझं पाहून व्हायचंय अजून."

त्याने भिंग त्यांना दिलं. ह्या वेळी ते एकदाही पडलं नाही. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवत म्हणालं, सेकंदकाटा अडकतोय, पाच मिनिटांचं काम असेल, लगेच बघता का?

घड्याळजीने फोन धरलेला हात हलू दिला नाही.

"थांबावं लागेल," तो म्हणाला. "भिंग रिकामं नाही."