खुंटीवरचा डबा

भरदुपारी परभणीतल्या कॉम्प्युटर क्लासात दत्तराव मास्तरांनी लिनक्स प्रणालीची मूळ लायब्ररी, म्हणजे जिच्या जोरावर सगळ्या आज्ञा चालतात ती फाईल, बदलायला घेतली आणि मशीनची वाचाच बसली. सगळ्या आज्ञा बंद. एक 'एको' तेवढी चालायची. पण ती आपण लिहू तेच परत दाखवणार.

दुरुस्तीची फ्लॉपी हातात होती. तिच्यावरून मशीन पुन्हा सुरू करायचं तर आधी ते बंद करणं आलं.

याच वेळेला त्यांची बायको पंचफुला डबा घेऊन यायची. दिवाळीत ती वारली. तिचा रिकामा डबा अजून खुंटीलाच होता. मास्तरांनी 'एको'पुढे तिचं नाव लिहिलं.

पडद्यावर उमटलं, 'अवो, जेवलात का?'

मास्तरांनी फ्लॉपी खाली ठेवली. 'न्हाई,' त्यांनी लिहिलं.

'मग जेवा आधी. मशीन कुठं पळून जायलंय?'

त्यांनी हळूच खुंटीवरच्या डब्याला हात लावला. चटका बसला.