शेवटची ओळ

“नओमीताई, शेवटचं गाणं संपलं की पियानोत साठवलेले सायमनसर आपोआप पुसले जातील,” पडद्याआड तंत्रज्ञ क्षिप्रा म्हणाली. “कायद्याने माणसाची अशी नक्कल मृत्यूनंतर तीनच वर्षं ठेवता येते.”

“मग गाणं संपवतंय कोण?” नओमी म्हणाली. क्षिप्रा हसली.

रंगमंचावर पियानोच्या पट्ट्या आपोआप दबत होत्या. सायमनने चाळीस वर्षं गाणाऱ्या बायकोला, नओमीला, जशी साथ केली, तशीच ही साथ होती. तिला श्वास घ्यायला वेळ लागला की तो थांबायचा; पियानोही थांबत होता. जर्मन गाणी एकेक करून सरली.

शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ उरली, तेव्हा नओमीने तोंड मिटून घेतलं. पियानो थांबला. एक मिनिट गेलं, मग दुसरं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. तिने पियानोची कड घट्ट धरली.

मग एक पट्टी हळूच दबली. ती शब्द विसरली की सायमन असाच तिला पुढचा सूर द्यायचा, लोकांना कळणार नाही इतका हलका.

“विसरले नाही रे,” ती पुटपुटली.

पियानोने तोच सूर पुन्हा दिला, आणखी हळू.