ओला माल

"हा माल ओला आहे. परत न्या," स्टोअरकीपर म्हणाला. त्यानं हातातलं गाजर क्रेटमध्ये टाकलं आणि बोटं रुमालाला पुसली.

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी टेम्पो उभा होता. वहिनी खाली होती. तिचा दीर वर, पुढचा क्रेट उचलायला वाकलेला. तो तसाच वाकून राहिला.

"ओला नाही साहेब, धुतलाय," वहिनी म्हणाली. "आजारी माणसांच्या पोटात जायचा म्हणून आम्ही चार घरांनी बसून धुतला. मातीचा कण ठेवला नाही."

"तेच सांगतोय. धुतलेलं गाजर टिकत नाही. माल कोरडा पाहिजे, तसा नियमच आहे. गोदामातून इथं यायला चार दिवस लागतात."

"आम्हाला अर्धा तास लागला."

"म्हणून काय तुमच्यासाठी वेगळा नियम करायचा?"

"मग असं करतो," दीर वरून म्हणाला, "टेम्पो चार दिवस उन्हातान्हात फिरवून आणतो. माल वाळेल, तुमचा नियमही खूश होईल."

"भावजी, थांबा जरा."

वहिनीला हसू येण्यासारखं काही राहिलं नव्हतं. टेकडीपलीकडच्या शेजाऱ्यांना तिनंच गळ घातली होती. हॉस्पिटलला रोज भाजी लागते, आपली शेतं इतकी जवळ, मग लांबून कशाला यायला हवी? पहिली खेप पसंत पडली तर रोजचा माल तुमच्याकडूनच घेऊ, असं हॉस्पिटलनं कबूल केलं होतं. तिच्या शब्दावर शेजाऱ्यांनी नेहमीच्या व्यापाऱ्याला नाही म्हटलं. तो दुसरीकडून ट्रक भरून निघूनही गेला. आता ही गाजरं परत गेली तर गुरांपुढे पडणार होती. आणि पुन्हा तिच्या शब्दावर कुणी एक गाजरसुद्धा देणार नव्हतं.

स्वयंपाक करणारी मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं क्रेटमधलं एक गाजर उचललं आणि मोडलं. कडकन आवाज झाला.

"टिकवायचंय कुणाला?" ती म्हणाली. "द्या इकडे. दुपारच्या जेवणाला आत्ता चिरते."

"आधी पोत्यातली संपवा. जुना माल संपल्याशिवाय नवा काढायचा नाही, किती वेळा सांगायचं?"

मावशी आत गेली आणि पोत्यातलं एक गाजर घेऊन आली. तिनं त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवली. गाजर मोडलं नाही.

"हे बघा. चामड्याची वादी झालीय नुसती. वॉर्डातून वाट्या भरलेल्या परत येतात. आजारी माणूस चावणार तरी किती?"

"संपतं ना शेवटी?"

"संपतं की. बादलीत संपतं."

स्टोअरकीपरनं तिच्याकडे पाहिलं नाही. वहिनी पुढे झाली.

"म्हणजे आज तुम्ही आमचा माल घेतलात, तरी तो असाच पोत्यात पडणार? असा वादी झाला की मगच ताटात जाणार?"

"तो माझा प्रश्न नाही."

"मग कुणाचा? आणि मातीसकट आणला असता तर? घाण आणली म्हणाला असता!"

"नाही," तो म्हणाला. "घेतला असता."

तो खरंच बोलत होता.

"उद्या आणते मग," वहिनी म्हणाली. "माती लावून आणते."

"आता नाही व्हायचं. पहिली खेप नापसंत झाली, तसं मी वर कळवणार. यापुढे माल गोदामातूनच येईल."

मावशीनं हातातलं गाजर अंगणात भिरकावलं आणि ती आत निघून गेली. आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला. दीर क्रेट मागे सरकवू लागला. वहिनी टेम्पोला धरून उभी राहिली. चार घरी जाऊन काय सांगायचं, ते ती मनाशी जुळवत होती.

स्टोअरकीपरनं एकदा आत डोकावून पाहिलं. मग खिशातून घडी घातलेली कापडी पिशवी काढली, झटकली आणि टेम्पोजवळ आला.

"दोन किलो द्या," तो हळू आवाजात म्हणाला. "फुकट नको, पैसे देतो."

वहिनीला आधी कळलंच नाही. "कशाला?"

"घरी. पोरं कच्चीच खातात. इतकी ताजी हल्ली मिळतात कुठं?"

"ओली आहेत, साहेब."

"चालतील. आजच खाऊन टाकू."

दिरानं क्रेट सोडला आणि वहिनीकडे पाहिलं. ती स्टोअरकीपरच्या पिशवीकडे बघत होती.

"आत पोतं आहे ना," ती म्हणाली. "आधी ते संपवा. भावजी, फाळका लावा."

फाळका खाडकन बसला. टेम्पो वळून फाटकाबाहेर पडला, तरी स्टोअरकीपर पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून तिथंच उभा होता.