उणेकडे झुकलेला काटा

तीस वर्षं तो जुना ट्रॅक्टर मी चालवला. कागदावर नाव मात्र धाकट्या दिराचं. मला न विचारताच त्याने तो विकायला काढला. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं आणि बॅटरी पुन्हा उतरलेली.

"वहिनी, तुमच्यासारखाच हट्टी आहे हा," दीर हसला.

दुरुस्तीला बोलावलेल्या मिस्त्रींनी पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, डायनॅमो तपासला. दोन्ही ठीक. चार्जिंगच्या मीटरचा काटा मात्र उणेकडे झुकलेला, म्हणजे वीज कुठेतरी ओढली जात होती. त्यांनी एकेक वायर सोडवली. काटा तसाच. शेवटी बॅटरीच काढून खाली ठेवली.

काटा तसाच.

"मीटर अडकलाय हो," म्हणत दीर सीटवर चढून बसला. त्यासरशी काटा थरथरला आणि आणखी खाली सरकला.

"अडकला कुठे? हलतोय की," मिस्त्री हळूच म्हणाले. "दादा, तुम्ही आधी उतरा."

"उतरतो ना." पण त्याचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. ओठ पांढरे पडत चालले होते. "वहिनी, हात द्या. फार गार वाटतंय."

मी काट्याकडे पाहिलं. टोकाला पोचायला अजून दोन रेघा बाकी होत्या.